रुद्रभूमीतला बिननावाचा भुंगेरा

पिंगळी, म्हणजे चुकून

परभणी स्टेशन आलं आणि गेलं, तेव्हा मी भांडत होते. समोरच्या बाकावरच्या काकांनी "किडे-मुंग्या हव्यात कशाला जगात? एक फवारा मारला की विषय संपला" असं जाहीर केलं होतं, आणि असलं ऐकून गप्प बसायला मी काही नाशिकहून निघाले नव्हते. मी पत्रकं लिहिते. नदीतली वाळू, शाळांमधल्या मुताऱ्या, रस्त्याकडेची झाडं. जिथे लोक मूग गिळून बसतात तिथे माझं पत्रक पोचतं. काकांना मी चांगलं कोपऱ्यात घेतलं होतं. एका स्टेशनावर ते पिशवी उचलून निघालेच, तेव्हा मला वाटलं, वादातून पळ काढला. प्रत्यक्षात त्यांचं गाव आलं होतं. आमचंही तेच स्टेशन होतं.

माझी मैत्रीण विनया, जिच्यासाठी हा सगळा प्रवास होता, ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. जाग आल्यावर तिने बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पिंगळी आलं," ती म्हणाली. "परभणी मागे राहिली. जिंकलीस का पण?"

पिंगळीला उतरलो. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा मिळाला, साखर एवढी की चमचा उभा राहावा. टपरीवाल्या आजोबांनी आमच्या दोन मोठ्या पिशव्या, बाटल्या, चाळणी, गुंडाळलेली पांढरी चादर सगळं निरखून घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या घरच्या?"

आमच्याकडे विचारतात, काय करता? इथे विचारतात, कुणाच्या? हा प्रश्न मला फार खटकतो आणि त्यावर माझं एक उत्तम पत्रकही आहे. पण विनयाने सरळ आपल्या आजोबांचं नाव आणि गाव सांगून टाकलं. बोरीच्या आत, जिंतूर रस्त्याकडचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या भलतंच कुणी तिथे कुदळ घेऊन पोचायला नको.

"भुसारवाल्या अप्पाची नात?" टपरीवाले आजोबा खूश झाले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "म्हंजे अप्पाच्या मातीत किडे धरत होती ती तूच का?"

विनयाचा चहा तिथेच थांबला. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोती येतात-जातात, त्यांच्याबरोबर बातम्याही जातात. ही बातमी वर्षभरात पिंगळीपर्यंत पोचली होती.

गेल्या कार्तिकात काय झालं होतं

परतीच्या रिक्षात आणि मग बोरीच्या बसमध्ये विनयाने मला पूर्ण हकिगत सांगितली. तुकड्यातुकड्यांत मला ती माहीत होती, पण तिच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

विनया भुंगेऱ्यांवर संशोधन करते. भुंगेरा म्हणजे वर टणक कवच असलेला किडा. त्यातही तिचे भुंगेरे वेगळे: पंखांची झाकणं इतकी आखूड की जणू कुणी आखूड झंपर घातलंय आणि पोट सगळं उघडं. यातले काही चक्क लष्करी मुंग्यांबरोबर राहतात. लष्करी मुंग्या म्हणजे आंधळ्या, तांबूस, हजारोंच्या रांगांनी जमिनीखालून फिरणाऱ्या; एका जागी कायमचं घर न करणाऱ्या. त्यांच्या वाटेत जो किडा येईल त्याचं त्या तुकडे करतात. आणि हा तांदळाच्या कणीएवढा भुंगेरा त्यांच्या रांगेत शिरतो, त्यांचा वास अंगाला लावून घेतो, त्यांच्याबरोबर चालतो, त्यांचं खातो. त्यांना तो आपलाच वाटतो.

गेल्या वर्षी कार्तिकात तिचे आजोबा गेले. तिच्या आईचं माहेर लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात, बाजूला कोरलेल्या कोनाड्यात मांडी घालून बसवतात, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देतात, विभूती लावतात, बेलाची पानं घालतात. त्या दफनभूमीला रुद्रभूमी म्हणतात. खड्डा खणताना कडेच्या मातीतून तांबड्या मुंग्यांची रांग फुटली. सगळे रडत होते. विनयाही रडत होती. आणि रडता रडता तिला त्या रांगेत झंपरवाला भुंगेरा दिसला, जो तिने कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता.

"मग?"

"मग मी वाकले आणि उचलला. पर्समधल्या डबीत टाकला."

"बरोबर केलंस!"

"मामा समोर उभा होता. त्याच्या हातात माती होती, आजोबांवर घालायला."



तो एक भुंगेरा नवा निघाला. म्हणजे जवळजवळ नक्की, नवी जात. पण ती मादी होती. आणि विनयाच्या सरांनी सांगितलं, एकट्या मादीवर जातीचं वर्णन छापता येणार नाही, नर हवा. वर्षभर तिने कुठे कुठे माती चाळली. मुंग्या मिळाल्या, हा भुंगेरा नाही. आता सरांनी शेवटचं सांगितलं होतं. थंडीने माती वाळली की मुंग्या खोल जातात. त्याच्या आत नर मिळाला तर ठीक, नाहीतर विषय बदल.

म्हणून आम्ही पुन्हा त्याच रुद्रभूमीकडे निघालो होतो. मामा त्या दिवसापासून विनयाशी नीट बोलले नव्हते.

मामा-मामींकडे

मामींनी दारातच विनयाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला विचारलं, "तू बी किडे धरतीस का, बाई?"

"नाही, मी आवाज उठवते."

"बरं हाय. आमच्याकडं त्याची कमी न्हाई. हातपाय धू."

मामींच्या घरात पोट रिकामं ठेवणं हा अपमान समजतात. पहिल्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी, येसर, म्हणजे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, घातलेली आमटी आणि करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी. करडईचं तेल मी ऐकून होते. तिचा पाला भाजी म्हणून खातात हे मला माहीत नव्हतं. किंचित उग्र, किंचित आंबूस, लसणाची फोडणी. मी तीनदा घेतली. मामी दर वेळी म्हणायच्या, "लाजू नको," आणि मी अजिबात लाजत नव्हते.

मामा दुकानातून आले. बसवराज मामा. रुंद माणूस, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, खिशात मळलेली दस्ती, म्हणजे हातरुमाल. मला "या बाई, बसा" म्हणाले. विनयाला म्हणाले, "आलीस का." त्यात प्रश्न नव्हता.

जेवण झाल्यावर विनयाने हळूच विचारलं. ओढ्याकडच्या कडेला, समाधीपासून थोडं लांब, हातभर खणू का?

"न्हाई."

"मामा, समाधीला हात लावणार नाही."

"रुद्रभूमीत कुदळ एकाच कामाला लागती. दुसऱ्या कामाला लागत न्हाई." ते भांडं खाली ठेवून उठले.

इथे मी उभी राहिले. मला सांगितलं गेलं होतं की गप्प बस. पण वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे, मृतांना माती दुखत नाही, नव्या जातीचा शोध हा या गावाचा गौरव आहे, हे सगळं मी एका दमात सांगितलं. चांगलं झालं होतं भाषण. चौकात असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमी लय छान बोलता. पंचायतीला उभ्या राहा. पण माझ्या बापाच्या खड्ड्याबद्दल बोलायलाव न, तर जरा बसून बोला."

मी बसले. 

रात्री अंथरुणात मी विनयाला म्हटलं, "पण त्यांचं चुकतंय."

"तुझं पत्रक संपलं असेल तर झोप," ती म्हणाली.

रुद्रभूमी

दुसऱ्या दिवशी निदान नुसतं बघायला म्हणून गेलो. बघायला मामांची हरकत नव्हती.

काळ्या मातीचा मुलूख. चहूकडे सोयाबीन काढलेली रानं, हरभरा नुकता वर आलेला, ज्वारी गुडघ्याला लागलेली. ट्रॅक्टर प्रत्येक वाफा उलटापालटा करून गेलेला. आणि मध्ये ओढ्याकाठी हा तुकडा, ज्यात कधी नांगर गेला नाही. बेलाची झाडं, निंब, गवत कमरेपर्यंत, त्यात छोटे छोटे ओटे. काहींवर दगडी नंदी, काहींवर नुसता चुना. विनया म्हणाली, जिथे माती कुणी उलटत नाही तिथेच असलं काही टिकतं. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा रचू लागले, आणि मग मला मामांचं "एकाच कामाला" आठवलं. त्यांच्या त्या हट्टामुळेच तर ही माती शाबूत होती. मला हे मुळीच आवडलं नाही, पण खरं होतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या घरी माणूस गेला की बायका दारापर्यंत; पुढचा रस्ता पुरुषांचा. इथे बायका खड्ड्यापर्यंत येतात, माती घालतात. विनया तिथे होती ती म्हणूनच. माझ्या आजीला न्यायला लागले तेव्हा मला उंबऱ्यात अडवलं होतं आणि अजून त्याचा राग आहे. इथे उभी राहून मला विनयाचा हेवा वाटला.

अप्पांची समाधी अजून नुसता मातीचा उंचवटा होती, ओटा बांधलेला नव्हता. आम्ही जवळ गेलो आणि विनया किंचाळलीच.

उंचवट्यावर काळे मुंगळे. हजारांनी. साखर आणि ज्वारीचं पीठ यांचे ढीग, आणि त्यांवर मुंगळ्यांची जत्रा.

"मामी!" विनया डोकं धरून बसली.

मामींनी पहाटेच येऊन हे केलं होतं. घरी विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. "आल्या का गं तुझ्या मुंग्या? मामाला सांगू नको. म्हटलं, खणायचं न्हाई म्हणतोय न, मग मुंग्यांनाच वर बोलवू. साखर म्हटलं की मुंगी येतीच."

विनयाने समजावलं की लष्करी मुंग्या साखर खात नाहीत, त्या किडे खातात, आणि आता मुंगळ्यांनी जागा भरल्यावर त्या वर येणार नाहीत. मामी ऐकत राहिल्या, मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मांसाहारी हायत व्हय! ते आमाला कसं माहीत असंल गं? आमच्या घरात कधी असल्या जेवायला आल्याच न्हाईत!"

आम्ही तिघी हसता हसता ओसरीवर लवंडलो. तरी नुकसान व्हायचं ते झालं होतं. दोन दिवस विनया गवतात पोटावर पडून राहिली. एक लष्करी मुंगी दिसली नाही.

मठपती

तिसऱ्या दिवशी मठपती स्वामी आले, मोटारसायकलवर, भगवं उपरणं मानेभोवती मफलरसारखं. मठपती म्हणजे लिंगायतांच्या घरची कार्यं करणारे जंगम पुरोहित. देवगाव फाट्याकडे कुणाचा तरी गृहप्रवेश आटोपून येत होते आणि मामींच्या हातचं धपाटं त्यांना रस्त्यावरून वास देऊन बोलावतं, असं त्यांचंच म्हणणं.

मी ठरवलं होतं की बसून बोलायचं. बसले आणि विचारलं, "स्वामी, रुद्रभूमीत खणायला काय लागतं?"

"माणूस लागतो. बसवायला."

"मग मला बसवा!"

"तुमचं बोलणं ऐकून वाटत न्हाई तुमी तिथं गप बसाल," स्वामी म्हणाले, आणि मामा पहिल्यांदा हसले.

स्वामींनी विनयाला भुंगेऱ्याबद्दल बारीक बारीक विचारलं. चावतो का, विष आहे का, मुंग्या त्याला का ठेवून घेतात. वास लावून घेतो हे ऐकल्यावर मामाच मध्ये बोलले, "म्हणजे घरजावई हाय की!" आणि लगेच पुन्हा गंभीर झाले, जणू तोंडून चूक झाली.

मग स्वामी धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले, "बसवराज, अप्पाच्या ओट्याचं काय? वर्ष होत आलं. माती बसली. पाया तरी खण."

"सोयाबीन होऊ द्या."

"सोयाबीन झालं."

"मग तूर होऊ द्या."

"तूर झाल्यावर हरभरा व्हायचा हाय. असं करत ओटा व्हायचा न्हाई." स्वामींनी बोटं पुसली. "पायाला कुदळ लागतीच. ते अप्पाचंच काम हाय. घरच्यांनीच पहिली माती काढायची असती. घरात नात आलेली हाय."

मामा उठून दुकानाकडे निघाले. मामींनी नंतर स्वयंपाकघरात मला सांगितलं की ओटा एकदा झाला की अप्पा खरंच गेले असं होतं, म्हणून हे पुढं ढकलायलेत. वर्षभर ढकलायलेत. मला वाटत होतं, हा माणूस अंधश्रद्धेने अडून बसलाय. तो नुसता बापासाठी अडून बसला होता.

संध्याकाळी मामा विनयाला म्हणाले, "उद्या सकाळी. वीतभर पाया. त्याच्या खाली न्हाई." आणि जाता जाता, "टोपली तुझ्या हातात असू दे."

पाया

सकाळी धुकं होतं. स्वामींनी मंत्र म्हटले, मामांनी कुदळ मारली, विनयाने पहिली टोपली उचलली. ती डोळे पुसत होती आणि माती चाळणीवर पसरत होती, दोन्ही एकदम. या वेळी कुणी काही म्हटलं नाही.

मुंगळे साखर संपवून केव्हाच गेले होते. दोन बाजू झाल्या. काही नाही. गांडुळं, एक विंचू, मामींची किंकाळी. तिसरी बाजू ओढ्याकडची. मामांनी कुदळ मारली आणि मातीतून तांबडी धार सुटली.

मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. पाण्यासारख्या येतात. आवाज नाही, डोळे नाहीत, एकमेकींच्या अंगावरून वाहत जातात. आमच्यातली मीच एकटी जोडा न घालता उभी होते, भावनेच्या भरात. त्यांनी माझ्या अंगठ्याला चांगली शिक्षा केली. त्या नाचण्यात मी एक टोपली पालथी घातली आणि विनयाने मला अशी काही शिवी हासडली की स्वामींनी कानांवर हात ठेवले.

ती पोटावर आडवी झाली होती. तोंडात हवा ओढायची नळी, दुसऱ्या टोकाला किडा अडकायची बाटली. मुंग्या, मुंग्या, मुंग्या. वेळ जात होता. ती काहीच ओढत नव्हती.

"हे काय हाय?" मामा म्हणाले.

ते कधी गुडघ्यावर बसले होते मला कळलं नाही. त्यांचं जाड बोट रांगेच्या वर होतं. "हे. शेपूट वर करून चाललंय. मुंगी शेपूट वर करत न्हाई."

विनया सरपटत तिकडे गेली. रांगेत, अगदी मुंग्यांच्या खांद्याला खांदा लावून, तांबूस, चकचकीत, आखूड झंपर, उघडं पोट कमानीसारखं वर. एका मुंगीने त्याला मिशांनी चाचपलं. त्याने तिला चाचपलं. दोघं पुढे निघाली.

"तिनं काहीच केलं न्हाई त्याला," मामा पुटपुटले.

"हाच, मामा," विनया म्हणाली. "हाच तो."

मग मामाच दाखवत गेले. हा एक. तिकडं एक. अगं ती बघ. त्यांची नजर ज्वारीतला खडा शोधण्यात घडलेली. भुसार दुकानदार होते शेवटी. सहा मिळाले. मामांच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली होती, विभूती घामाने ओघळली होती, आणि ते हसत होते. म्हणाले, "अप्पाला ह्या मुंग्यांचा लय राग. भुईमूग उपटताना हात फोडून काढायच्या. पावडर घेऊन मागं लागायचे. आता बस म्हणावं त्यांच्यातच!"

ओसरीवर

विनयाने ओसरीवर छोटा सूक्ष्मदर्शक मांडला. मामी, मामा, स्वामी, शेजारच्या दोन बायका, मी, सगळे तिच्या पाठीशी. सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, थाळ्यांत गार होत होती.

पहिला. "मादी." दुसरा. "मादी." ती एकेकाचं पोटाचं टोक तपासत होती. तिसरा, चौथा, मादी. पाचव्याला तिने जास्त वेळ घेतला. मादी. सहावाही पाहून तिने भिंगावरून डोळा उचलला. मादी.

मला संताप आवरला नाही. "सहा बायका हजर आहेत! गेल्या वर्षीची धरून सात! आणि एक पुरुष आला नाही म्हणून जातच नाही? हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, शरीर आहे," विनया थकून म्हणाली. "या गटात वेगवेगळ्या जातींच्या माद्या जवळपास सारख्याच दिसतात. नराच्या अवयवाच्या आकारावरूनच जात ठरते."

"आमच्यात बी तसंच हाय, बाई," मामी माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या. "बायका किती बी असू दे, कागदावर गडी लागतो." मग त्यांनी भिंगातून पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "मग घरजावई कशाचे गं. ह्या तर माहेरवाशिणी. येतात, खातात, कुणी काही म्हणत न्हाई."

विनया हसली नाही. "विषय सुटला माझा, मामी," ती म्हणाली.

मामा उठले. कोपऱ्यातली कुदळ उचलली. "चल."

"कुठं?"

"रांग खाली जात होती. मी बघितलंय. खाली असंल तुझा नर. अजून हातभर घेऊ."

स्वामींनी हातातली थाळी खाली ठेवली. रांग कुठे जात होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं: भुसभुशीत मातीतून, आत, जिकडे कोनाडा आहे तिकडे. जिकडे अप्पा बसलेत तिकडे. मामांना हे आमच्याहून जास्त माहीत होतं. तरी त्यांनी कुदळ खाली ठेवली नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणीही न सांगता, तोंड मिटून बसले.

विनया उठली. मामांच्या हातातून तिने कुदळ घेतली आणि भिंतीला टेकवली. "बास, मामा. वीतभर म्हणाला होतास."

"तुझं वर्ष जाईल, पोरी."

"जाऊ दे."

मामांनी दस्तीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मामी म्हणाल्या, सुशीला गार झाली, आणि कुणाचं काही न ऐकता परत गरम करायला घेऊन गेल्या.

नाशिकला

परत येऊन दोन आठवडे झाले. सरांनी विषय बदल म्हणून सांगितलं, विनया नाही म्हणाली, त्यांचं अजून चालू आहे. मी तिच्या बाजूने पत्रक लिहू का विचारलं, तिने माझ्यापुढे हात जोडले. ओटा झाला. ओढ्याकडच्या बाजूला मामांनी गवंड्याला सिमेंट घालू दिलं नाही, नुसते दगड रचून घेतले.

एवढ्यावर हे लिहून संपवणार होते. पण काल संध्याकाळी विनया माझ्याकडे बसली होती आणि मामांचा फोन आला. त्यांचा आवाज फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो. दुकानात सोयाबीन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते आता एकच विचारतात म्हणे, तुमच्या रुद्रभूमीत तांबड्या मुंग्या हायत का. लोक म्हणायलेत, बसवराजला लागलंय काहीतरी.

"विनू, देवगाव फाट्याच्या पलीकडं एक म्हातारी गेली. आपल्यातलीच. खड्ड्याची जागा साफ करताना मुंग्या निघाल्यात. माती उद्या दुपारी हाय. येतीस का?"

विनया उभी राहिली. मग परत बसली. "मामा, त्यांच्या घरी दुःख आहे. मी कशी येऊ?"

"मी स्वतः जाऊन आलो. पोराला विचारलं, सुनेला विचारलं. सगळं सांगितलं, किडा, मुंग्या, नर, सगळं. हो म्हणालेत. फक्त सून एक म्हणाली. आधी आमच्यासंगं बसून रडायचं. मग खड्ड्यात वाकायचं."

विनया पिशवी भरायला लागली.